सेविकेला माहेर आहे का?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं अंगणवाडीत काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर कांट शिकवला, शंकराचार्य शिकवले, पण मूल सांभाळायचं कुणी, हा प्रश्न अभ्यासक्रमात कधी आला नाही. कर्तव्य कुणाचं, हक्क कुणाचा, स्वातंत्र्य म्हणजे काय, हे सगळं आम्ही एका प्रौढ, शहाण्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलत आलो. त्या माणसाला पहिली पाच-सहा वर्षं कुणीतरी कडेवर घेतलं होतं, एवढं मात्र गृहीत धरलं. गृहीत धरलेल्या गोष्टीकडे बोट दाखवणं हे तर आमच्या विषयाचं काम. तेव्हा आज ते करू.

विषय मात्र थोडा आखून घेतो. अंगणवाडीतल्या मुलांविषयी बरंच लिहिलं-बोललं जातं. आम्हाला बोलायचं आहे ते त्यांच्या मागच्या दुसऱ्या रांगेविषयी. मूल सांभाळणारी बाई आणि मुलाचं घर, या दोघांच्या पाठीशी उभी राहण्यासाठी गावात, तालुक्यात जी व्यवस्था असते, ती. अमेरिकेत या कामासाठी स्वतंत्र स्थानिक संस्था असतात. त्या स्वतः मुलं सांभाळत नाहीत. आईबापांना जवळचं पाळणाघर शोधून देतात, आणि पाळणाघर चालवणाऱ्यांना प्रशिक्षण, साहित्य, सल्ला पुरवतात. आपल्याकडे असं स्वतंत्र दुकान नाही. आपल्याकडे ही जागा बालविकास प्रकल्प कार्यालयाची आहे, आणि त्या कार्यालयाखालच्या ‘बीट’ची. एखाद्या ग्रंथाचं परीक्षण करताना आपण विचारतो, की प्रस्तावनेत काय कबूल केलं आणि आत काय सापडलं? तीच पद्धत आज या व्यवस्थेला लावायची आहे.

प्रस्तावना शोधायची तर डहाणू तालुक्यात जावं लागतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. माँटेसरीची पद्धत शहरी, शिकलेल्या घरांत रुजत होती. पण १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि तिथे पद्धत उलटी करावी लागली. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. ‘अंगणवाडी’ हा शब्द इथला. आज तो सरकारी पाटीवर इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यातलं ‘अंगण’ कुणाला ऐकूच येत नाही. अंगण म्हणजे घराचा तो भाग, जो घरातल्यांचाही असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचाही. आत चूल, बाहेर रस्ता, मध्ये अंगण. मूल घराचं की समाजाचं, या प्रश्नाचं उत्तर त्या बाईंनी एका शब्दात देऊन टाकलं होतं.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. तिथे ताराबाई-अनुतार्इंच्या लक्षात आलेली एक गोष्ट आम्हाला त्यांच्या सगळ्या शैक्षणिक साधनांपेक्षा मोठी वाटते. पाड्यावरची आठ-नऊ वर्षांची पोर शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड होतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला ‘विकासवाडी’ म्हटलं. धाकट्याला पाळण्यात ठेवा, मधल्याला बालवाडीत, आणि मग थोरली मोकळी होईल. गुरं वळणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’, म्हणजे शिक्षकानेच कुरणावर जायचं. पाहा, ही माणसं घराकडे कशी बघत होती. आधी घराची अडचण काय आहे ते ओळखायचं आणि तिच्या आकाराची सोय शिवायची. शिंप्याने माप घेऊन अंगरखा शिवावा तसं.

आता ग्रंथाच्या आत शिरू. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशभर मंजूर अंगणवाड्या चौदा लाखांच्या घरात आहेत, आपल्या राज्यात एक लाखाहून जास्त. जगात याच्या तोडीच्या योजना थोड्या. हे आधी मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे, कारण टीका करताना आपल्याकडे एक वाईट सवय आहे, सरकारी म्हटलं की नाक मुरडायचं. अंगणवाडी नसती तर आदिवासी पाड्यांवर आणि शहरांतल्या वस्त्यांत लहान मुलासाठी सरकार नावाची काही वस्तू असते हेच कळलं नसतं.

योजनेत सहा सेवा सांगितल्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. सहाही सेवा गरजेच्या. पण यादी पुन्हा वाचा. मुलाचं पोट आहे, दंड आहे, वजन आहे, थोडंफार डोकंही आहे. यात मुलाचा दिवस नाही. सकाळी आई कामावर गेली आणि संध्याकाळी परत आली, या मधल्या वेळात मूल कुणाजवळ आहे, हा प्रश्न सहापैकी एकाही सेवेत बसत नाही. आणि दुसरी गैरहजर व्यक्ती म्हणजे सेवा देणारी बाई. तिच्यासाठी सातवी सेवा नाही.

इथे आम्हाला ईव्हा फेडर किटे या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंची आठवण येते. त्यांच्या मुलीला जन्मतः गंभीर बौद्धिक अपंगत्व होतं. तिला वाढवताना त्यांना समजलं, की समान, स्वतंत्र नागरिकांच्या कराराची जी सुंदर भाषा आपण बोलतो, तिच्यात ना त्यांची मुलगी बसते, ना तिला सांभाळणारी व्यक्ती. १९९९ च्या पुस्तकात त्यांनी एक तत्त्व मांडलं. बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या बाईला तिकडे ‘डूला’ म्हणतात. डूला बाळाला घेत नाही, ती बाळाच्या आईला सांभाळते, म्हणजे आई बाळाला सांभाळू शकते. न्यायी समाजाने सगळ्याच सांभाळणाऱ्यांसाठी असं काही उभं केलं पाहिजे, असं त्या म्हणतात.

हे वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं, की मराठी बाईला यात नवीन काय? तिला हे तत्त्व पुस्तकातून कळायला नको, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाऊन ते जगून येते. माहेरी काय होतं? डिंकाचे, अळिवाचे लाडू असतात, शेक-शेगडी असते, पण मुख्य म्हणजे तिला तिथे हिशेब द्यावा लागत नाही. बाळ रात्री का रडलं, असं आई विचारते तेव्हा त्यात जाब नसतो. सासरी तोच प्रश्न जाब होतो. शब्द तेच, विचारणारं घर वेगळं. माहेराचं फार गोडवं गाऊ नये, तिथेही भावजया असतात, आणि परत पाठवण्याची घाईही असते. पण कल्पना म्हणून माहेर म्हणजे अशी जागा, जिथे सांभाळणारीला काही काळ सांभाळलं जातं. तेव्हा आमचा प्रश्न अगदी साध्या मराठीत असा आहे: प्रकल्प कार्यालय हे सेविकेचं माहेर आहे की सासर?

कागदावर ते माहेरच आहे. साधारण पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असावी असं धरलेलं आहे, तिलाच आपल्याकडे मुख्य सेविका म्हणतात. तिने अंगणवाडीत यावं, सेविकेबरोबर बसावं, एखादा खेळ स्वतः घेऊन दाखवावा, अशक्त मुलाच्या घरी दोघींनी मिळून जावं. महिन्याला बीटची सभा भरावी, तिथे अनुभवांची देवाणघेवाण व्हावी. कल्पना अतिशय सुंदर आहे. एकटीने चालणाऱ्या कामाला सोबत देण्याची याहून चांगली रचना आम्हालाही सुचली नसती.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशा मासिक सभेत आम्हाला मागे बसायला मिळालं. सभा अडीच-तीन तास चालली. वजनं किती टक्के नोंदली, आधार प्रमाणीकरण किती जणांचं राहिलं, पोषण महिन्याच्या कार्यक्रमाचे फोटो कुणी टाकले नाहीत, एवढ्यातच ती संपत आली. नावं वाचली जायची, ज्यांची टक्केवारी कमी त्या उभ्या राहायच्या. पन्नाशीच्या बायका, नातवंडं असलेल्या, वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलीसारख्या उभ्या. मध्येच एका तरुण सेविकेने विचारलं, की तिच्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे, बोलत नाही आणि दुसऱ्या मुलांना चावतो; काय करावं? उत्तर आलं, ‘‘ते नंतर बघू, आधी तुमचे किती टक्के झाले ते सांगा.’’

पण गंमत पुढे आहे. सभा संपल्यावर बाहेर झाडाखाली चहा झाला. तिथे एका वयस्क सेविकेने त्या मुलीला जवळ बोलावलं. म्हणाली, आधी त्याचे कान तपासून घे, ऐकू येत नसेल तर बोलणार कसा. आणि चावायला लागला की ओरडू नको, हातात मळलेली कणीक दे, तुझ्या मांडीजवळ बसव. शेजारच्या दोघींनी आपापल्या मुलांचे किस्से सांगितले. दहा मिनिटं. ज्याला आधार म्हणतात, तो या दहा मिनिटांत घडला, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात झाली नाही. कार्यक्रमपत्रिकेवर जे असायला हवं होतं ते चहाबरोबर झालं. आणि आम्हाला शंका आहे, की महाराष्ट्रातल्या बऱ्याच तालुक्यांत ते चहाबरोबरच होत असणार.

त्या मुख्य सेविकाबाईंना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. नंतर त्या आमच्याशी बोलल्या. शेजारच्या बीटची जागा रिकामी, म्हणून दोन बीट त्यांच्याकडे. वाहन नाही, प्रवासभत्ता कित्येक महिने थकलेला. ‘‘सर, मला वरून जे विचारतात तेच मी खाली विचारते,’’ एवढंच म्हणाल्या. या एका वाक्यात सगळ्या व्यवस्थेची रचना आहे. प्रश्न वरून खाली येतात, आकडे खालून वर जातात. चावणाऱ्या मुलाचा प्रश्न खालून वर जाऊ बघत होता. त्या वाटेवर त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आकडे नकोत का? मुलांची वजनं करू नयेत का? करावीत, जरूर करावीत. ज्या पाड्यावर सगळीच मुलं किरकोळ अंगाची, तिथे कुपोषण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सगळे तसेच म्हणून ते नेहमीचं वाटतं. वजनकाटा आणि वाढीचा तक्ता त्या सवयीला छेद देतात. मेळघाटातले बालमृत्यू चर्चेत आले त्यात मोजण्याचा वाटा मोठा होता. तेव्हा आमची तक्रार मोजण्याविषयी नाही. मोजलेलं कुणाच्या उपयोगी पडतं, याविषयी आहे. वाढीचा तक्ता मुळात सेविकेने आईला दाखवायचा आहे: हे बघ, गेल्या महिन्यात रेघ इथे होती, आता खाली आली. तिथे आकडा आईशी बोलतो. तोच आकडा आईला वगळून सरळ राजधानीत गेला, तर तो शासनाच्या फलकावर बोलतो, आणि आईला काहीच सांगत नाही.

यंत्राचं पाहा. आधी अकरा रजिस्टरं होती. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाचं मोबाइल अ‍ॅप आलं. रजिस्टरं कमी होतील असं सांगितलं होतं. मोबाइल आले ते जुनाट, थोड्याच क्षमतेचे, आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत नेऊन दिले. वर्तमानपत्रांत ही बातमी संपाची म्हणून आली. आम्हाला ती ज्ञानमीमांसेची बातमी वाटली. ज्या बाईला सगळं माहीत आहे, तिला ते जिथे नोंदवायचं त्याची भाषा येत नाही. आणि ज्या यंत्रणेला काहीच माहीत नाही, ती प्रमाण ठरते.

आणि २०२५ मध्ये त्यापुढची पायरी आली. घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा अ‍ॅपने ओळखला पाहिजे. चोरी होते, बनावट नावं असतात, म्हणून. चोरी होत असेल, नाही म्हणत नाही. पण चित्र डोळ्यांसमोर आणा. समोर उभी असलेली बाई गरोदर असल्यापासून सेविकेला माहीत. तिच्या पहिल्या मुलाला हिनेच डोस पाजायला नेलेलं. दोघी एकाच नळावर पाणी भरतात. आणि तरी सेविका तिला म्हणते, बाई गं, जरा उजेडात उभी राहा, मोबाइल तुला ओळखत नाही. संकेतांक यायचा तर तो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा कामावर. मग पाकीट असूनही देता येत नाही. अशा वेळी भांडण कुणाशी होतं? दिल्लीशी होत नाही, दारातल्या सेविकेशी होतं. विश्वास हीच तिची एकमेव भांडवली ठेव, आणि आधार देणारी यंत्रणाच ती खर्ची घालते आहे. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण मानलेलं आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आता आम्ही काय सांगावं?

शब्दांकडे वळू. सेविका. मदतनीस. मानधन. लाभार्थी. एकही शब्द निरागस नाही. सेविका सेवा करते, काम करत नाही. तिला मान आणि धन एकत्र दिलं जातं, म्हणजे धन कमी पडलं की मानाने भरून काढता येतं. २०१८ मध्ये केंद्राने मानधन वाढवलं तेव्हा ते सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये झालं. राज्यं त्यात आपली भर घालतात हे खरं, पण मूळ मुक्काम पाहून घ्या.

डिसेंबर २००६ हा महिना यासाठी फार बोलका आहे. त्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आणि त्याच महिन्यात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालात, कर्नाटकातल्या प्रकरणात, असं ठरलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे शासकीय नागरी पद नाही. मुलाचा हक्क मान्य आणि हक्क पोचवणारीचं पद अमान्य. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून असतील. पण शेजारी ठेवून वाचले की आपल्या समाजाचं मन दिसतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात सांगितलं, की त्यांना उपदान कायदा लागू होतो, त्यांना मिळतं ते वेतनच आहे. ‘मानधन’ शब्दाचा बुरखा तिथे प्रथमच नीट वर झाला. तरी ४ डिसेंबर २०२३ ला आपल्याकडे सेविका-मदतनीस संपावर गेल्या तो संप पन्नास दिवसांवर चालला, आणि पुढच्याच पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचं काम त्यांच्याकडे आलं, अर्जामागे पन्नास रुपये कबूल करून. पोलिओ, सर्वेक्षण, निवडणूक, आणि आता अर्ज. गावात ज्या कामाला कुणी नाही ते काम हिचं. सासुरवाशिणीची व्याख्या याहून वेगळी काय असते?

या शब्दांच्या बाबतीत कोसबाडकडेही एक बोट जातं, ते गिळून टाकणं बरं नव्हे. ताराबाई-अनुतार्इंचा त्याग अस्सल होता. पण त्या पिढीने सेवेचा जो आदर्श निर्माण केला, तो शासनाला फार सोयीचा पडला. दोघींनी स्वतःहून पत्करलेली फकिरी पुढे लाखो बायकांवर नियम म्हणून लादली गेली. स्वेच्छेने केलेला त्याग हा गुण असतो. दुसऱ्याकडून अपेक्षिलेला त्याग ही काटकसर असते. कोसबाडचा वारसा सांगणाऱ्यांनी कुरणशाळेचं पुष्कळ कौतुक केलं, या बाजूकडे कमी पाहिलं. शिवाय शासनाने उचललं काय, तर नाव आणि सेवाभाव. पाळणाघर तिथेच टेकडीवर राहिलं.

म्हणून आता घराची बाजू. पुण्यात किंवा ठाण्यात धुणं-भांडी, पोळ्या करणारी बाई सकाळी सात-साडेसातला वस्तीतून निघते. अंगणवाडी त्यानंतर उघडते, आणि ती दुपारी परतायच्या आत बंद होते. मग अंगणवाडीत मुलाला कोण सोडतं, कोण आणतं? थोरली बहीण. म्हणजे ताराबाईंना दिसलेली तीच पोर, कडेवर तेच भावंड. ती शाळा बुडवते तेव्हा व्यवस्था उभी राहते. आपल्याकडची सगळ्यात मोठी स्थानिक आधार यंत्रणा कोणती असं कुणी विचारलं, तर आमचं उत्तर आहे, दहा वर्षांची मुलगी. तिला मानधनही नाही.

पाळणाघरांचे कायदे नव्हते असं नाही. १९४८ चा कारखाना कायदा तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर ठेवा, असं सांगायचा. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा पन्नासच्या वर स्त्रिया मोजायचा. या मोजणीत एक तत्त्वज्ञान लपलेलं होतं: मूल फक्त आईला असतं. ज्या कारखान्यात पाचशे पुरुष आणि दहा स्त्रिया, तिथे कायद्याच्या दृष्टीने मुलंच नाहीत. अलीकडच्या श्रमसंहितेत ही मोजणी स्त्रियांऐवजी एकूण कामगारांवर आली, ही चांगली सुधारणा आहे आणि तिचं कुणी फारसं कौतुक केलं नाही म्हणून आम्ही करतो. पण घरकाम करणाऱ्या बाईला याचा उपयोग शून्य, कारण ती पाच घरांत काम करते आणि प्रत्येक घरात एकटीच कामगार असते. तिच्यासारखींसाठी स्वयंसेवी संस्थांनी चालवायची सरकारी पाळणाघरं होती. २०१७ मध्ये खर्चाची वाटणी बदलली, राज्यांवर आणि संस्थांवर भार आला, आणि पाळणाघरांची संख्या झपाट्याने घसरली. आता ‘पाळणा’ नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची योजना आली आहे. दिशा अगदी योग्य. फक्त पाळणा हलवायला दोरी कुणाच्या हातात देणार, आधीच अ‍ॅप धरलेल्या हातात का, एवढं विचारून ठेवतो.

हे जमलेलं उदाहरण शेजारीच आहे. अहमदाबादला ‘सेवा’ संघटनेच्या पुढाकाराने १९८६ मध्ये संगिनी ही बालसेवेची सहकारी संस्था निघाली. केंद्रं आईच्या कामाच्या वेळेप्रमाणे चालतात, आया थोडी फी देतात, आणि मुलं सांभाळणाऱ्या बायका त्या संस्थेच्या सभासद आहेत. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. सभासदाला सभेत उभं करता येत नाही. सभासद स्वतः उभा राहून बोलतो. आम्ही तिथल्या हिशेबात शिरत नाही, अडचणी त्यांनाही असतीलच, विशेषतः पैशांच्या. पण मदत करणाऱ्या संस्थेची मालकी मदत घेणाऱ्यांकडे थोडी जरी असली, तरी प्रश्न कुठल्या दिशेने वाहतात ते बदलतं.

आपल्याकडे सहकाराची एवढी परंपरा. दुधाला संघ, उसाला कारखाना, पतपेढ्या गल्लोगल्ली. दूध संघ शेतकऱ्याला काय देतो ते आठवा: गाय आजारी पडली तर डॉक्टर घरी येतो. गायीसाठी ही सोय आपण पन्नास वर्षांपूर्वी लावली. सेविका आजारी पडली तर तिच्या जागी बदली बाई यावी, एवढी साधी सोय बीटने करून दाखवावी. आज मदतनीस दोघींचं काम ओढते किंवा दाराला कुलूप लागतं. प्रत्येक बीटला खेळण्यांची, चित्रपुस्तकांची एक पेटी फिरती असावी. कोणत्या वस्तीत कोणतं पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडं असतं, ही यादी कार्यालयाच्या भिंतीवर असावी, म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबाला दारोदार विचारावं लागणार नाही. आणि मासिक सभेचा पहिला तास आकड्यांना देऊ नये. तो चावणाऱ्या मुलाला द्यावा. टक्केवारी चहाबरोबर घेता येईल.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. बदलीच्या बाईला पैसे लागतात, ते मान्य. ग्राममंगलसारख्या संस्थांनी अंगणवाड्यांबरोबर काम करून अशा गोष्टी पूर्वी केलेल्या आहेत, तेव्हा हे स्वप्नरंजन आहे असंही कुणी म्हणू नये. अडचण दुसरीकडे आहे. संस्था आली की सभा बदलते आणि संस्थेचा प्रकल्प संपला की सभा पूर्ववत होते, कारण मुख्य सेविकेला वरून विचारला जाणारा प्रश्न तोच राहतो. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत एखाद्या अधिकाऱ्याने एवढंच विचारलं, की या महिन्यात तुमच्या सेविकांनी तुम्हाला कोणते प्रश्न विचारले, तर पुढच्या महिन्यात बीटच्या सभेत ते प्रश्न ऐकून घेतले जातील. कारण मग त्यांचीही टक्केवारी द्यावी लागेल! हसू नका, कार्यालयं अशीच चालतात, आणि आम्हीही एका कार्यालयातूनच निवृत्त झालो आहोत.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. श्रोत्यांमध्ये काही सेविका आणि एक निवृत्त प्रकल्प अधिकारी आहेत असं कळलं. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करावी, अशी विनंती.